ऑनलाइन लिलाव: बोली लावायची की ओळखपरेड द्यायची?

नाणेवेडा

मंडळी, जुनी नाणी, तिकिटं, तबकड्या असलं काहीबाही जमवणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो. लिलाव ऑनलाइन झाल्यापासून बोली लावणं तुम्हाला सोपं वाटतं की डोक्याला ताप?

माझ्यापुरतं सांगतो. नुकत्याच झालेल्या एका लिलावात एक शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) होती. शिवराया पैशाला पासरी मिळतात हे मलाही ठाऊक आहे, पण ही वेगळी होती. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे बहुतेक शिवरायांवर एखादी ओळ तरी कापली गेलेली असते. हिच्यावर 'श्री / राजा / शिव' तिन्ही ओळी पूर्ण, मागे 'छत्र / पति' जवळजवळ पूर्ण, आणि कडेची ठिपक्यांची माळही अर्धीअधिक शाबूत.

नोंदणी कधीच करून ठेवलेली. पॅन दिलं, आधार दिलं, रद्द केलेला चेक दिला, हातात पॅन धरून सेल्फीही दिला. सकाळी लॉगिन करताना ओटीपी झाला. लॉट आला, म्हणजे त्या शिवराईची पाळी आली, 'बोली लावा' दाबलं, तर पडद्यावर नऊ चौकोन: सिग्नल असलेली चित्रं निवडा. निवडली. मग झेब्रा क्रॉसिंग. मग ते अमेरिकेतल्या फुटपाथवर असतं ते आग विझवायच्या पाण्याचं ठोकळं, जे मी आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ते पार पडल्यावर 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' पुन्हा ओटीपी. तो येईस्तोवर शिवराई दुसऱ्याच्या नावावर चढली होती, तीही मी मनात धरलेल्या आकड्याच्या बरीच खाली.

माझी सगळी कुंडली यांच्याकडे आधीपासून आहे. मग काय छाननी करायची ती दारात करा ना. पानावर बसवल्यावर आमंत्रणपत्रिका कसली मागता?

टवाळखोर

'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.' लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आमच्या घरात मला हे अजून जमलेलं नाही. पोर्टलला कुठून पटणार!

गुलमोहर

हा हा हा टवाळखोर!

बाकी सिग्नलच्या चित्रात खांबाचा चौकोन धरायचा की नाही, यावर तज्ज्ञांनी प्रकाश टाकावा. आमच्याकडे यावरून भांडणं झाली आहेत.

सातारकर_काका

म्हणूनच मी अजून हॉलमध्ये जातो. नंबराची पाटी घ्यायची, मागच्या रांगेत बसायचं, चहा प्यायचा, लॉट आला की पाटी वर. तिथेही पॅन मागतातच, पण टेबलापाशी, पाटी देताना. एकदा पाटी हातात आली की हातोडा पडेपर्यंत कोणी विचारत नाही तू कोण म्हणून.

शिवाय नाणं हातात घेऊन बघता येतं. फोटोवरून शिवराई घेणं म्हणजे जुगार. बाजारात खोट्या शिवराया कमी नाहीत, होनांचं, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचं, तर बोलायलाच नको.

बिट_बाय_बिट

नाणेवेडा, तुमचा संताप समजला. मी काही वर्षं लिलावाच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय (नाणी नव्हेत, जुनी यंत्रसामग्री), त्यामुळे पलीकडच्या टेबलावरून थोडं सांगतो.

या तपासण्या कोणी हौसेने लावत नाही. लिलावात तीन रोग असतात. पहिला, बोली जिंकून गायब होणारे. दुसरा, विकणाऱ्याचीच माणसं बोली लावून भाव फुगवतात. याचं गाजलेलं उदाहरण २००० सालचं, ईबे या अमेरिकी लिलाव-साइटवरचं. एका अनोळखी चित्रावर 'आर. डी. ५२' अशी अक्षरं होती, लोकांना वाटलं अमेरिकी चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्नचं हरवलेलं चित्र सापडलं. बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. मग उघड झालं की विकणाऱ्याने स्वतःच दुसऱ्या नावाने बोली लावली होती. ईबेने सौदा रद्द केला, पुढे गुन्हाही दाखल झाला. तिसरा रोग चोरलेल्या खात्यांचा: तुमचा पासवर्ड दुसरीकडून फुटतो आणि तुमच्या नावावर कोणीतरी दोन लाखांचा लॉट घेतो.

आता ऐन वेळी कोडं का येतं? मागे संशयाचं एक गुणांकन चालू असतं. नेहमी दोन-चार हजारांत खेळणाऱ्याने एकदम मोठा आकडा टाकला, गुण वाढले. तुम्ही वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात, आयपी पत्ता (नेटवरचा तुमचा पत्ता) बदलला, आणखी वाढले. त्यात मोबाइल कंपन्या एकेका आयपी पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. त्यातल्या कोणी बॉट (माणसाऐवजी आपोआप बटणं दाबणारा प्रोग्राम) चालवला असेल तर त्याचा डाग तुमच्यावरही पडतो. नाणेवेडा, त्या वेळी तुम्ही नेट बदललं होतं का?

नाणेवेडा

@बिट_बाय_बिट, हो, वायफाय गचके देत होतं म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलो होतो. म्हणजे नेट चांगलं केलं म्हणून मी संशयित ठरलो. छान.

पण तुमचे रोग आणि त्यांचं औषध यांचा मेळ मला बसत नाही. भाव फुगवणाऱ्या, विकणाऱ्याच्या मेहुण्याकडे पॅन नसतं का? त्याला सिग्नल ओळखता येत नाहीत का? त्याचा ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. तो सगळ्या चाळण्यांतून सहीसलामत बाहेर पडतो, आणि मी अडकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बिट_बाय_बिट

मेहुण्याचा मुद्दा मान्य. त्याला पकडायचं तर कोण कोणाच्या लॉटवर सारखी बोली लावतो आणि कधीच जिंकत नाही, हे बघावं लागतं. ते काम कॅप्चाचं (म्हणजे त्या चित्रांच्या कोड्याचं) नाही, आणि करायला वेळ लागतो. कॅप्चा लावायला एक दुपार पुरते.

मेघना_एडिसन

ओटीपीचा विषय निघालाच आहे तर परदेशातल्यांची रडकथाही ऐका.

मी संस्थानी तिकिटं जमवते. भारतातल्या लिलावांत बोली लावते, माल कोल्हापूरला माहेरी जातो, कारण शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आडकाठी आहे. तिथवर ठीक. पण बहुतेक पोर्टलना भारतीय मोबाइल नंबरच हवा. माझा जुना नंबर मी रिचार्ज करकरून जिवंत ठेवलाय, पण रोमिंगवर ओटीपी कधी येतो, कधी दुसऱ्या दिवशी येतो. शेवटी तो नंबर बाबांच्या फोनमध्ये टाकला. आता लिलावाचा सीन असा: इथे पहाटेचे साडेचार, मी फोनवर, लॉट चालू.

"बाबा, ओटीपी आला का?"
"थांब, चष्मा बघतो."
"बाबा, कपाळावर असेल."
"हं, आहे. आला आहे. चार… सात… हे सहा आहे की आठ?… अगं, अंधार झाला स्क्रीनवर."

बाबांना आता माझ्याहून जास्त मजा येते. मला मात्र बरीच तिकिटं अशी सोडावी लागली आहेत.

इथल्या, अमेरिकेतल्या, साइटवर कार्ड टाकलं की झालं, ओटीपीचा प्रश्न सहसा येत नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरी खातरजमा २००९ च्या ऑगस्टपासून सक्तीची केली, आणि पैशाच्या बाबतीत ते मला पटतंही. पण बोली म्हणजे पैसे भरणं नव्हे. पैसे भरताना मागा की हवे तेवढे ओटीपी.

सातारकर_काका

मेघनाताई, फोनवर ओटीपी कोणालाही सांगू नये. अगदी मुलीलासुद्धा. बँक रोज मेसेज पाठवते.

मेघना_एडिसन

काका, तो मेसेजही बाबाच मला वाचून दाखवतात.

टवाळखोर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

घरघर_पुणे

नाण्यांची कोडी परवडली म्हणाल, बँकेच्या जप्त मालमत्तेच्या ई-लिलावात उतरून बघा.

मी एका फ्लॅटसाठी उतरलो होतो. आधी केवायसी. मग राखीव किमतीच्या दहा टक्के ईएमडी (अनामत रक्कम), दिलेल्या खात्यात, मुदतीच्या आत. त्या पोर्टलला क्लास ३ ची डिजिटल सही लागत होती (क्लास २ च्या सह्या देणं २०२१ पासून बंद झालं), म्हणजे पेनड्राइव्हसारखा टोकन विकत घ्यायचा, व्हिडिओवर आपलं तोंड दाखवायचं, मग टोकनचा ड्रायव्हर टाकायचा. सूचनांच्या पुस्तिकेत लिहिलेलं: इंटरनेट एक्सप्लोरर वापरावा. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या जूनमध्ये त्याचा गाशा गुंडाळला आहे हे पुस्तिका लिहिणाऱ्याच्या कानावर गेलं नव्हतं.

हेल्पलाइनवरच्या मुलाने दूरवरून माझ्या लॅपटॉपचा ताबा घेतला. सुरक्षेसाठी एवढा आटापिटा, आणि शेवटी अनोळखी माणसाच्या हातात अख्खा लॅपटॉप! त्याने ब्राउझरच्या सेटिंगमधल्या सगळ्या धोक्याच्या सूचना एकेक करून बंद केल्या आणि म्हणाला, "सर, आता चालेल."

चाललं. पण प्रत्येक बोलीला टोकनचा पिन. पिन टाकेपर्यंत समोरच्याची पुढची बोली आलेली. सुदैवाने तिथे शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पाच मिनिटांनी वाढते, म्हणून निभावलो. फ्लॅट मिळाला नाही ते वेगळ्या कारणाने, भाव डोक्यावरून गेला.

वकीलबाई

घरघर, लॅपटॉपचा ताबा देणं हे भयंकर आहे, तो टोकन त्या वेळी लावलेला असतो हे विसरू नका. तुमची कायदेशीर सही दुसऱ्याच्या हातात.

पण बँकेच्या लिलावातली कडक छाननी मला योग्य वाटते. सरफेसी कायद्याखालच्या (थकलेल्या कर्जापोटी बँकेने मालमत्ता विकण्याच्या) नियमांनुसार जिंकणाऱ्याने ईएमडी धरून पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे असतात. उरलेले विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत, लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या वर नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही पंचवीस टक्क्यांची अशी जप्ती उचलून धरली. एवढा मोठा परिणाम असताना 'ती बोली मी लावलीच नव्हती' असं कोणी म्हणू नये, म्हणून सही लागते. लाखांच्या व्यवहारातलं हत्यार दोन-चार हजारांच्या शिवराईला लावलं की मात्र नाणेवेडांसारखी गत होते.

कांदेबहाद्दर

आम्ही लासलगावचे. आमच्या लिलावात कसलं कोडं न् कसला ओटीपी. ट्रॅक्टर रांगेत लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कोणी मूठभर कांदा उचलून दाबून बघतो, ओरडून भाव, चिठ्ठी फाडली, पुढची ट्रॉली. तुमचा एक कॅप्चा सुटेस्तोवर आमच्या दोन ट्रॉल्या उरकतात.

पण एक सांगतो, तिथं कोणी पण येऊन बोली लावू शकत नाही. बाजार समितीचा परवाना लागतो, तो आधी घ्यायचा. कागदपत्रं, हमी सगळं ऑफिसात. आवारात उभा राहिला म्हणजे तो तपासलेलाच माणूस.

नाणेवेडा

कांदेबहाद्दर, मला पोर्टलवाल्यांना नेमकं हेच म्हणायचं आहे! ऑफिसात काय ते उलटंपालटं करून बघा. आवारात सोडलंत की मग आवाज लावू द्या.

देवगडचा_पायरी

अवांतर: आंब्याच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, तो विसरलात का? शेजारी उभ्या असलेल्याला भाव कळायचा नाही. खुद्द बागायतदारालाही कळायचा नाही, हा भाग सोडा.

कांदेबहाद्दर

तेच तर. सुरक्षा कुणाची, हे आधी विचारायचं असतं.

अंतर्नाद

धागा हसत वाचत होतो. आता थोडं गंभीर लिहितो, रागावू नका.

मला दिसत नाही. ७८ आरपीएमच्या तबकड्या जमवतो, जुनं नाट्यसंगीत विशेष. लिलावाचं पान मी स्क्रीन रीडरवर ऐकतो. लॉटचं वर्णन, तबकडीची अवस्था, चरा कुठे आहे, सगळं नीट कळतं. बोलीचं बटणही सापडतं. मग चित्रांचं कोडं येतं आणि रीडर म्हणतो, 'चित्र, चित्र, चित्र.' आवाजी कोडं असलंच तर त्यात घरघरीत इंग्रजी आवाज असतो, आणि त्यावर माझा रीडर बोलत असतो. दोन्ही आवाज एकमेकांवर. सत्र संपायची घड्याळं चालूच.

केवायसीच्या वेळी तर 'कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळे मिचकावा', 'चेहरा चौकटीत आणा'. चौकट कुठे आहे हे मला कोण सांगणार?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या याचिकाकर्त्या आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ते यांच्या अर्जांवर ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं, आणि डिजिटल केवायसी सगळ्यांना वापरता येईल अशी करायला वीस निर्देश दिले. लिलावाच्या पोर्टलपर्यंत ते वारं पोहोचायला वेळ लागेलसं दिसतं.

नाणेवेडा, तुमचा लॉट ठोकळ्यापायी गेला. माझे जवळजवळ सगळेच जातात. सध्या भाचा बसतो शेजारी. त्याला परीक्षा असली की मी लिलाव सोडतो.

गुलमोहर

अंतर्नाद, लिहिलंत हे फार बरं केलंत. खांबाच्या चौकोनावरचा माझा विनोद आता मलाच आवडत नाहीये.

अंतर्नाद

अहो, विनोद चांगला होता. राहू द्या.

बिट_बाय_बिट

अंतर्नाद यांच्या मुद्द्याला जोडून. वेब सुलभतेच्या निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. लॉगिनसाठी माणसाला कोडं सोडवायला किंवा काही आठवायला लावू नका, दुसरा मार्ग द्या, असं त्यात आहे. पासकी हा तसा मार्ग: फोनचं कुलूप ज्या बोटाने उघडता त्याच बोटाने काम होतं.

आणि गंमत अशी की चित्रांची कोडी आता बॉटना अडवतही नाहीत. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी त्या सिग्नल-झेब्रा प्रकारातली कोडी यंत्राकडून शंभर टक्के सोडवून घेतली. म्हणजे बॉट आत, अंतर्नाद बाहेर. याचं समर्थन मीही करणार नाही.

शेवटचा_चेंडू

मी वेगळं मत मांडतो, दगड मारायचे ते मारा.

चूक पोर्टलची आहे तितकीच शेवटच्या क्षणी बोली लावण्याच्या सवयीची. कमाल बोली आधीच टाकून ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी असते. तुमचा आकडा पाच हजार आणि पुढच्याचा तीन, तर तुम्हाला लॉट तीन हजारांच्या एक पायरी वर मिळतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरे यांनी १९६१ च्या निबंधात हेच तर्कशास्त्र मांडलं होतं: दुसऱ्या क्रमांकाचा भाव द्यायचा असेल तर आपली खरी किंमत सांगून मोकळं व्हावं. आदल्या रात्री आकडा टाकायचा, कोडी सोडवायची, झोपायचं. नाणेवेडा, तुम्ही हे का केलं नाहीत?

नाणेवेडा

कारण माझी कमाल बोली लिलाववाल्याला दिसते! आणि माल विकणारा त्याचा रोजचा गिऱ्हाईक असतो, मी वर्षातून कधीतरी येणारा. पाचची बोली टाकली की लॉट नेमका पावणेपाचला कसा जातो, हे इथल्या जुन्या संग्राहकांना विचारा. प्रत्येक जण लबाड आहे असं म्हणत नाही, पण माझं पान उघडं टाकून मी पत्ते खेळणार नाही. वर हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराचा प्रीमियम (लिलाववाल्याचं कमिशन), त्यावर जीएसटी, असं सगळं धरून आकडा ठरवलेला असतो. थोडा ढळला तरी बजेट कोलमडतं.

सातारकर_काका

नाणेवेडांशी सहमत. कमाल बोली पाकिटात देऊन आम्हीही पोळलो आहोत.

शेवटचा_चेंडू

मग विश्वास नसलेल्या ठिकाणी खरेदी करताच कशाला, हा प्रश्न राहतोच. पण ठीक. निदान वेळ वाढवण्याचा नियम तरी हवा. ईबे आणि ॲमेझॉनचे जुने लिलाव यांची तुलना रॉथ आणि ऑकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली छापली होती. ईबेवर घड्याळ ठरल्या क्षणी बंद, म्हणून शेवटच्या क्षणाला झुंबड. ॲमेझॉनवर बोली आली की दहा मिनिटं वाढायची, तिथे ही झुंबड खूपच कमी. घरघर यांच्या बँकेच्या लिलावात जे आहे ते नाण्यांना का नको?

मेघना_एडिसन

+१. पाच मिनिटांत बाबांचा चष्माही सापडतो.

नाणेवेडा

धागा वर काढतोय, कारण लिलाववाल्यांचं उत्तर आलं. इथले मुद्दे एकत्र करून मी त्यांना मेल लिहिली होती, अंतर्नाद यांना विचारून त्यांचाही.

ते म्हणतात: आदल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ओळख पटवली तर त्या लिलावापुरता बोलीच्या वेळचा ओटीपी काढून टाकू. चित्रांचं कोडं बाहेरच्या कंपनीचं आहे, ते आमच्या हातात नाही. वेळ वाढवण्याचं 'विचाराधीन'. ज्यांना पडद्यावर अडचण आहे त्यांच्यासाठी फोनवरून बोली: लॉट यायच्या आधी त्यांचा माणूस फोन करणार आणि तुमच्या वतीने पाटी उचलणार.

वकीलबाई

फोनवरच्या बोलीचं संभाषण रेकॉर्ड होतं का, हे लेखी विचारून घ्या. उद्या आकड्यावरून वाद झाला तर तेवढंच हाताशी.

अंतर्नाद

आभार, नाणेवेडा. फोनची सोय मला चालेल. मराठीत बोलणारा माणूस मिळेल का, एवढं विचारा. आणि फोन ते करणार की मी, कारण अनोळखी नंबर आमच्याकडे भाचाच कापून टाकतो.

सातारकर_काका

पुढच्या महिन्यातल्या लिलावाची यादी कोणी पाहिली का? त्यात दुदांडी (दुहेरी रेघेच्या) शिवरायांचा एक गठ्ठा आहे, फोटो अगदीच धूसर. मी समक्ष बघायला जाणार आहे, कोणाचं काही बघायचं असेल तर लॉट नंबर कळवा.

नाणेवेडा

अंतर्नाद, दोन्ही गोष्टींची विचारपूस केली आहे. काका, तुमच्याबरोबर मीही येतो. लॉट ४१२ च्या मागच्या बाजूचा फोटोच दिलेला नाही, तो बघायचा आहे.